घरकुलांचा हिशेब: सार्वजनिक पैसा, उत्तरदायित्व आणि खान्देशचा अनुभव

जळगाव, विशेष प्रतिनिधी - जळगाव शहरात ‘पिंप्राळा हुडको’ नावाची वस्ती आहे. ज्या संस्थेकडून नगरपालिकेने कर्ज काढले, तिचेच नाव वस्तीला पडले. अशी उदाहरणे महाराष्ट्रातील इतर शहरांतही सापडतात. जळगावात मात्र या नावाला वेगळा अर्थ आहे. हे कर्ज फेडता फेडता एक संपूर्ण पिढी मोठी झाली. त्या कर्जातून उभारावयाच्या घरांचा वाद पोलीस ठाण्यापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या उत्तरदायित्वाची चर्चा करताना या शहराचे नाव घेतल्यावाचून पुढे जाता येईनासे झाले.

सार्वजनिक खर्चावर नियंत्रण कोणी ठेवायचे, हा प्रश्न जुनाच आहे. सरकारने मुळात खर्चच कमी करावा, बरीचशी कामे बाजारावर सोपवावीत, असे मुक्त अर्थव्यवस्थेचे पुरस्कर्ते सांगतात. खर्च लोकांसाठी आवश्यकच आहे, फक्त देखरेख कडक हवी, असे दुसऱ्या बाजूचे म्हणणे असते. खान्देशातील जळगाव आणि धुळे या दोन शहरांचा अनुभव या दोन्ही मतांची परीक्षा पाहणारा आहे.

घरकुल प्रकरण नेमके काय?

गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात जळगावला नगरपालिका होती. शहर वाढत होते. सतरा मजली प्रशासकीय इमारत, व्यापारी संकुले, पाणीयोजना अशा महत्त्वाकांक्षी कामांचा तो काळ होता. त्यातील बऱ्याच कामांसाठी हुडको या केंद्र सरकारच्या वित्तसंस्थेकडून कर्ज काढण्यात आले. झोपडपट्टीवासीय व गरीब कुटुंबांना पक्की घरे देण्याची घरकुल योजना त्यांपैकीच एक. शहर परिसरातील नऊ जागांवर ११ हजार ४२४ घरे बांधावयाची, असे योजनेचे स्वरूप होते. योजनेचा खर्च सुमारे ११० कोटींच्या घरात होता आणि काम खान्देश बिल्डर्स या कंपनीला देण्यात आले.

प्रत्यक्षात त्यांतील थोडीच घरे पूर्ण झाली. निविदेच्या अटी मोडून मर्जीतील ठेकेदाराला काम दिले, जागांबाबतच्या आवश्यक परवानग्या न घेताच काम सुरू केले आणि ठेकेदाराला सुमारे २९ कोटी रुपये बिनव्याजी आगाऊ दिले, असे आक्षेप पुढे आले. ‘२९ कोटींचा घरकुल घोटाळा’ हा शब्दप्रयोग तेव्हापासून रूढ झाला.

२००३ मध्ये नगरपालिकेची महापालिका झाली. तत्कालीन आयुक्त प्रवीण गेडाम यांनी ३ फेब्रुवारी २००६ रोजी या प्रकरणी पोलिसांत फिर्याद दिली. पुढे सहा वर्षे तपास संथच राहिला. मार्च २०१२ मध्ये शहराचे आमदार व माजी मंत्री सुरेश जैन यांना अटक झाली. त्याच वर्षी मे महिन्यात गुलाबराव देवकर यांना राज्यमंत्रिपदावर असताना अटक झाली. त्यांची जामिनावर सुटका झाली. जैन यांना मात्र सर्वोच्च न्यायालयातून जामीन मिळण्यासाठी सप्टेंबर २०१६ उजाडावा लागला. खटला धुळे येथील विशेष न्यायालयात चालला. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी न्यायालयाने ४८ जणांना दोषी ठरविले. जैन यांना सात वर्षे कारावास व १०० कोटी रुपये दंड, तर देवकर यांना पाच वर्षे कारावास अशा शिक्षा झाल्या. दोषी ठरलेल्यांत तत्कालीन नगरसेवकांची संख्या मोठी होती. या निकालाविरुद्ध आरोपींनी उच्च न्यायालयात दाद मागितली आणि पुढे त्यांना जामीनही मिळाला.

फिर्याद ते निकाल या प्रवासाला साडेतेरा वर्षे लागली. घरकुलाची वाट पाहणाऱ्या कुटुंबातील जे मूल फिर्यादीच्या दिवशी पहिलीत होते, ते निकालाच्या दिवशी मतदार झालेले होते.

कर्ज आज, फेड उद्या

न्यायालयातील खटल्यापेक्षा शहराला अधिक जाणवला तो कर्जाचा भार. कर्जाचे गणित साधे असते. वार्षिक नऊ टक्के दराने घेतलेली रक्कम न फेडता तशीच राहू दिली, तर ती आठ वर्षांत दुप्पट होते आणि सोळा वर्षांत चौपट. जळगावच्या हुडको कर्जाचे हप्ते थकले, वाद कर्जवसुली न्यायाधिकरणापर्यंत गेला आणि न्यायाधिकरणाच्या आदेशाने महापालिकेची बँक खातीच गोठविण्याची वेळ आली. खाती गोठली की सफाई कामगारांचे वेतन, दिवाबत्तीचे वीजबिल, पाणीपुरवठ्यासाठी लागणारी रसायने या सर्वांचाच खोळंबा होतो. अखेर २०१९ च्या सुमारास राज्य सरकारच्या मदतीने एकरकमी तडजोड होऊन हे प्रकरण मार्गी लागले.

या घटनाक्रमातून एक गोष्ट ठळकपणे दिसते. कर्ज मंजूर करणारे सभागृह वेगळे, योजनेचे भूमिपूजन करणारे पदाधिकारी वेगळे आणि कर्जाची झळ सोसणारे नागरिक वेगळे. खर्चाचे श्रेय आज मिळते आणि बिल मात्र उद्याच्या माणसाच्या नावावर फाटते.

अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जेम्स ब्युकॅनन यांनी आपल्या सिद्धांतात नेमका हाच मुद्दा मांडला. त्यांना १९८६ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ असा, की सत्तेवरील माणूस खुर्चीत बसला म्हणून संत होत नाही. बाजारातील माणसाप्रमाणे तोही स्वतःचा लाभ पाहतो. फरक इतकाच, की दुकानदाराचा निर्णय चुकला तर त्याचे स्वतःचे भांडवल बुडते, लोकप्रतिनिधीचा चुकला तर इतरांचे. कर वाढविला तर मतदार चिडतो, कर्ज काढले तर त्याला कळतही नाही. म्हणून राज्यकर्त्यांचा ओढा करापेक्षा कर्जाकडे असतो.

कोणाचा पैसा, कोणासाठी खर्च?

मुक्त अर्थव्यवस्थेचे आणखी एक नामवंत पुरस्कर्ते मिल्टन फ्रीडमन यांनी खर्चाचे चार प्रकार सांगितले होते. त्यांची मांडणी आपल्याकडील उदाहरणांनी सहज समजते. फुले मार्केटमध्ये आपण स्वतःच्या पैशाने स्वतःसाठी सदरा घेतो, तेव्हा भावही पाहतो आणि कापडही पारखून घेतो. भाच्याच्या लग्नात आहेर करताना पैसा आपला असतो, वस्तू दुसऱ्याची असते. भाव पाहिला जातो, आवडीनिवडीची चौकशी बेताचीच होते. कचेरीच्या खर्चाने दौऱ्यावर गेलेला माणूस जेवण चांगले घेतो, बिलाकडे पाहत नाही. चौथा प्रकार म्हणजे दुसऱ्याच्या पैशाने तिसऱ्यासाठी केलेली खरेदी. तीत भावाचीही काळजी नाही आणि मालाचीही नाही. सरकारी खर्च बहुतांशी या चौथ्या प्रकारात मोडतो.

घरकुलाची योजना या मांडणीत चपखल बसते. पैसा हुडकोचा, फेड करदात्यांची, घर गरिबांचे आणि निर्णय सभागृहाचा. घर मिळाले नाही म्हणून निर्णय घेणाऱ्यांपैकी कोणालाही उघड्यावर झोपावे लागणार नव्हते.

महाराष्ट्राला हा विचार परका नाही. १९०२ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात अर्थसंकल्पावर भाषण केले. सरकारच्या तिजोरीतील शिल्लक म्हणजे समृद्धी नव्हे, लोकांकडून गरजेपेक्षा अधिक कर वसूल झाल्याची ती खूण आहे, असा त्याचा रोख होता. पुढे शेतकरी संघटनेचे शरद जोशी यांनी शेतीच्या प्रश्नावरून हाच धागा पकडला. शेतकऱ्याला अनुदानाची भीक नको, बाजाराचे स्वातंत्र्य हवे, ही त्यांची भूमिका होती. १९९४ मध्ये त्यांनी स्वतंत्र भारत पक्ष स्थापन केला. कापूस पिकविणाऱ्या खान्देशला हा युक्तिवाद पुस्तकातून शिकावा लागला नाही. १९७२ पासून राबविलेल्या कापूस एकाधिकार खरेदी योजनेत शेतकऱ्याला आपला कापूस सरकारी यंत्रणेलाच विकावा लागे. केंद्रांवरील गाड्यांच्या रांगा, चुकाऱ्यास होणारा विलंब आणि योजनेचा वाढता तोटा हे सर्व या भागाने पाहिले. २००२ नंतर खासगी खरेदीला वाव मिळाला आणि ती मक्तेदारी संपली.

धुळ्याची जुनी नोंद

उत्तरदायित्वाचा प्रश्न एकट्या जळगावचा नाही. १९८० च्या दशकाच्या आरंभी अरुण भाटिया धुळ्याचे जिल्हाधिकारी होते. रोजगार हमी योजनेच्या कामांवरील गैरव्यवहार त्यांनी बाहेर काढले. अल्पावधीतच त्यांची बदली झाली आणि त्या बदलीची चर्चा राज्यभर झाली. दुष्काळात मजुराला हक्काने काम देणारी ही योजना महाराष्ट्राने देशाला दिली. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. परंतु कायदा उत्तम असला तरी हजेरीपट खरा आहे की नाही, हे पाहणारा कोणीतरी लागतो, हा धडा धुळे जिल्ह्याने दिला.

१९९० मध्ये धुळे जिल्हा परिषदेतील भास्कर वाघ प्रकरण उघडकीस आले. एक रोखपाल कोट्यवधी रुपयांचा अपहार करू शकतो आणि वरिष्ठांना, लेखापरीक्षकांना, बँकेला वर्षानुवर्षे त्याचा पत्ता लागत नाही, हे पाहून त्या वेळी सारा महाराष्ट्र चक्रावला होता. अपहार करणारी व्यक्ती एक असली तरी तो पचला तो अनेकांनी डोळे मिटून सह्या केल्यामुळे.

अलीकडची घटना मे २०२५ मधील आहे. विधिमंडळाची अंदाज समिती धुळे दौऱ्यावर असताना शासकीय विश्रामगृहातील एका खोलीत १ कोटी ८४ लाखांच्या आसपास रोकड सापडली. माजी आमदार अनिल गोटे यांनी खोलीबाहेर ठिय्या देऊन हा प्रकार चव्हाट्यावर आणला. सरकारी खर्च तपासण्यासाठी आलेल्या समितीच्या दौऱ्यातच असा प्रकार घडावा, यातील विरोधाभास धुळेकरांच्या नजरेतून सुटला नाही.

देखरेखीची यंत्रणा कागदावर कशी आहे?

कायद्याकडे पाहिले तर देखरेखीची वाण नाही. नगरपालिकांना १९६५ चा अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम ३०८ नुसार नगरपालिकेचा ठराव बेकायदा वा लोकहिताला बाधक असेल तर जिल्हाधिकारी तो स्थगित करू शकतात. महापालिकांना १९४९ चा अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम ४५१ नुसार राज्य सरकार ठराव निलंबित वा विखंडित करू शकते. आयुक्त राज्य सरकारने नेमलेला असतो. मुख्य लेखापरीक्षक स्थायी समितीला अहवाल देतो. त्याखेरीज स्थानिक निधी लेखापरीक्षा विभाग वेगळा आहे.

मग अडते कोठे? पहिली अडचण वेळेची. लेखापरीक्षण खर्च झाल्यानंतर होते. आक्षेप नोंदविला जातो, खुलासा मागविला जातो, तो वेळेत येत नाही आणि परिच्छेद वर्षानुवर्षे प्रलंबित राहतो. तोवर अधिकारी बदलून गेलेला असतो, नगरसेवकाचा प्रभाग बदललेला असतो. दुसरी अडचण अशी, की ज्या स्थायी समितीने खर्चाला मंजुरी दिली तिच्याचपुढे त्या खर्चावरील आक्षेप जातात. तिसरी अडचण राजकीय आहे. ठराव रद्द करण्याचा अधिकार ज्या सरकारकडे आहे, त्याचे गणित अनेकदा स्थानिक नेत्याच्या पाठिंब्यावर अवलंबून असते.

चौथी अडचण महसुलाच्या रचनेत आहे. १९९३ पासून अमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने शहरांना घटनात्मक दर्जा दिला, पण उत्पन्नाचे स्वतंत्र साधन दिले नाही. महापालिकांची जकात गेली. तिच्या जागी स्थानिक संस्था कर आला. तो प्रथम ज्या महापालिकांत लागू झाला, त्यांत २०१० मध्ये जळगाव होती. २०१५ मध्ये बहुतांश व्यापाऱ्यांसाठी हा करही रद्द झाला. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आल्यानंतर महापालिकांना राज्याकडून दरवर्षी आठ टक्के वाढीने भरपाई देण्याचा कायदा झाला. म्हणजे शहराच्या तिजोरीतील मोठा वाटा मंत्रालयातून येतो. नागरिक स्वतःच्या हाताने जो कर भरतो, त्याची पावती त्याच्या घरात असते आणि तो त्याचा हिशेब मागतो. जो पैसा मुंबईहून येतो, त्याचा हिशेब मागावा असे कोणालाच वाटत नाही.

बाजार हा रामबाण उपाय आहे का?

खर्च कमी करा आणि कामे खासगी क्षेत्राकडे द्या, हा सल्ला ऐकावयास सोपा वाटतो. परंतु घरकुलाचे काम नगरपालिकेचे मजूर करीत नव्हते. ते एका खासगी कंपनीलाच दिलेले होते. स्पर्धेशिवाय दिलेला ठेका म्हणजे बाजार नव्हे. त्यात धोका सर्वांचा आणि नफा एकाचा असतो. व्यापारी एकत्र जमले की ग्राहकाविरुद्ध कट शिजण्याचा संभव असतो, हे बाजाराचे आद्य भाष्यकार ॲडम स्मिथ यांनीच सांगून ठेवले आहे.

पाणीपुरवठ्याचे उदाहरण बोलके आहे. औरंगाबाद, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, समांतर जलवाहिनीसाठी खासगी कंपनीशी झालेला करार महापालिकेने २०१६ मध्ये रद्द केला. नागपूरने २०१२ पासून खासगी कंपनीकडे पाणीवितरण सोपविले. त्यावर आजही दोन मते आहेत. याउलट कराडजवळच्या मलकापूर या छोट्या गावाने सार्वजनिक यंत्रणेमार्फतच चोवीस तास पाणी दिले. त्यासाठी प्रत्येक नळाला मीटर बसविला आणि वापर वाढेल तसा दर वाढविला. म्हणजे बाजाराचा किमतीचा नियम वापरला, मालकी मात्र लोकांकडेच ठेवली. जळगावला वाघूरचे आणि धुळ्याला तापीचे पाणी उपलब्ध असूनही रोज नळ येत नाही, ही दोन्ही शहरांची जुनी तक्रार आहे. यंत्रणा खासगी की सरकारी, यापेक्षा मोजमाप होते की नाही, हा प्रश्न अधिक मोलाचा ठरतो.

जळगावातील व्यापारी गाळ्यांचा वादही याच स्वरूपाचा आहे. महापालिकेच्या संकुलांतील दोन हजारांहून अधिक गाळ्यांच्या कराराची मुदत २०१२ च्या सुमारास संपली. बाजारभावाने लिलाव व्हावा, कारण ती जनतेची मालमत्ता आहे, असा एक पक्ष. अनेक वर्षे धंदा उभा करणाऱ्याला बेघर करू नका, असा दुसरा पक्ष. निर्णय लांबला तसे भाडे थकत गेले, थकबाकीवर दंड चढला आणि महापालिका व व्यापारी दोघेही न्यायालयाच्या पायऱ्या चढत राहिले. बाजारपेठेच्या शहरात बाजारभाव ठरविण्याचे टाळले गेले, त्याची किंमत दोघांनीही मोजली.

गरिबांच्या घरांपुरते बोलावयाचे तर बाजार एकटा पुरा पडत नाही, हे मान्य करावे लागते. झोपडीत राहणाऱ्याला बँक कर्ज देत नाही आणि बांधकाम व्यावसायिकाला त्याच्यासाठी बांधणे परवडत नाही. येथे सार्वजनिक पैसा लागणारच. मुद्दा तो कसा द्यावयाचा, हा आहे. ठेकेदाराला आगाऊ रक्कम देऊन हजारो घरे एकदम बांधावयाची, हा एक मार्ग. लाभार्थ्याच्या बँक खात्यात बांधकामाच्या टप्प्याप्रमाणे हप्ते जमा करावयाचे, हा दुसरा. २०१५ नंतरच्या प्रधानमंत्री आवास योजनेत स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्यांसाठी दुसरा मार्ग आहे. पाया झाल्याशिवाय भिंतीचा हप्ता नाही. या पद्धतीतही त्रुटी आहेत, पण घर ज्याचे तोच तेथे उभा राहून विटा मोजतो, हा फरक मोठा आहे.

नागरिकाच्या हाती काय?

घटना समितीत ३० मे १९४९ रोजी बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी महालेखापाल हा घटनेतील कदाचित सर्वांत महत्त्वाचा अधिकारी असल्याचे मत व्यक्त केले होते. शहरापुरते पाहिले तर ते काम आता काही अंशी नागरिकही करू शकतो. महाराष्ट्राने २००२ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये माहिती अधिकाराचा कायदा केला. केंद्रीय कायद्याच्या कलम ४ नुसार अंदाजपत्रक, खर्चाचा तपशील व निर्णयप्रक्रिया कोणी न मागता प्रसिद्ध करावयाची आहे. राज्य शासनाच्या २०१८ च्या निर्णयानुसार जिल्हास्तरीय कार्यालये आणि स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहता येतात. नागरिकांच्या क्षेत्रसभांची तरतूदही कायद्यात आहे, पण त्या भरविण्याचा उत्साह अपवादानेच दिसतो.

काय पाहावे, हेही अवघड नाही. आपल्या प्रभागातील कामाचा कार्यादेश, मोजमाप पुस्तिका आणि अंतिम देयक ही तीन कागदपत्रे एकमेकांशी ताडून पाहिली तरी पुष्कळ उलगडते. कर्ज काढण्याचा ठराव असेल तर हप्ता किती, मुदत किती आणि तो कोणत्या उत्पन्नातून फेडणार, हे तीन प्रश्न विचारावेत. आगाऊ रक्कम दिली असेल तर तिच्यावर व्याज लावले आहे का आणि बँक हमी घेतली आहे का, हे पाहावे. जळगावात हेच प्रश्न वेळीच विचारले गेले असते तर शहराचा बराच पैसा आणि काळ वाचला असता.

दोन्ही महापालिकांच्या सभागृहांची मुदत २०२३ मध्ये संपली आणि त्यानंतर तेथे प्रशासकीय राजवट होती. जानेवारी २०२६ मधील निवडणुकांनी हा खंड संपला. मधल्या काळात खर्चाला मंजुरी देणारा आणि खर्च करणारा अधिकारी एकच होता. तेव्हा प्रश्न विचारण्यासाठी सभागृहच नव्हते. आता ते आहे. मात्र घरकुलाचे ठरावही सभागृहातच मंजूर झाले होते, हे विसरून चालणार नाही. लोकनियुक्त सभागृह ही उत्तरदायित्वाची हमी नव्हे, ती केवळ एक संधी आहे.

सरकारचा खर्च कमी असावा की अधिक, यावर मतभेद राहतील आणि ते राहावेतही. कमी खर्च हवा म्हणणाऱ्याला आणि गरिबांसाठी अधिक खर्च हवा म्हणणाऱ्याला, दोघांनाही जमाखर्चाची वही उघडी हवी असते. ११ हजार ४२४ कुटुंबांना घर देण्याचे आश्वासन होते. त्यांपैकी ज्यांना ते मिळाले नाही, त्यांनीही कर भरला आणि कर्जाची झळ सोसली. या कुटुंबांचा हिशेब कोणत्याही निकालपत्राने पुरा होणारा नाही. पुढच्या योजनेचे भूमिपूजन होण्यापूर्वी तिचा हिशेब मागणे, एवढे मात्र शहराच्या हाती आहे.